बिल आधी की मूल आधी? कॅनडातील जॉर्डन तत्त्व आणि बालकल्याण खटल्याचा प्रकरण अभ्यास

जॉर्डन रिव्हर अँडरसन १९९९ साली जन्मला. त्याचं कुटुंब मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाऊस क्री नेशनचं. हे गाव विनिपेगपासून रस्त्याने सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला आहे. जन्मतःच गुंतागुंतीचा आजार असल्याने पहिली दोन वर्षं तो विनिपेगच्या रुग्णालयात होता. दोन वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं, की आता याला रुग्णालयाची गरज नाही, विशेष देखभाल देणाऱ्या पालक-कुटुंबात तो राहू शकतो. घर ठरलं, पण खर्चाचं ठरेना. एका बाजूला केंद्राची दोन खाती, आदिवासी व्यवहार खातं आणि हेल्थ कॅनडा. दुसऱ्या बाजूला मॅनिटोबा सरकार. ही टोलवाटोलवी दोन वर्षांहून अधिक चालली. फेब्रुवारी २००५ मध्ये पाच वर्षांचा जॉर्डन रुग्णालयातच गेला, तेव्हाही निर्णय झालेला नव्हता. एकाही कुटुंबाच्या घरात त्याने एक रात्र काढली नाही.

हाच मुलगा फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे कॅनडातल्या आदिवासी समाजांपैकी, नसता, तर हा वाद झालाच नसता. प्रांताने खर्च केला असता आणि विषय तिथेच संपला असता. भेदभाव नेमका इथे होता. तो कुणाच्या तोंडून शिवीसारखा बाहेर पडलेला नव्हता. आधी बिल कोणाचं ते ठरवायचं आणि मग मुलाकडे बघायचं, अशी कामाची रीतच होती. पुढचा सगळा खटला ही रीत उलटी करण्यासाठी लढला गेला.

दोन सरकारं, मधे मूल

कॅनडात आरोग्य, शाळा आणि बालकल्याण हे प्रांतांचे विषय आहेत. मात्र १८६७ च्या घटना-कायद्याच्या कलम ९१(२४) नुसार ‘इंडियन्स आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनी’ केंद्राकडे येतात. मराठी वाचकाने इथे ‘रिझर्व्ह’ या शब्दापाशी क्षणभर थांबावं. आपल्याकडच्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. रिझर्व्ह म्हणजे फर्स्ट नेशनसाठी राखलेली पण मालकी कॅनडा सरकारकडे असलेली जमीन, जिच्यावर १८७६ चा इंडियन ॲक्ट चालतो. रिझर्व्हवर प्रांताचा बालकल्याण कायदा लागू होतो, पैसा मात्र केंद्राने द्यायचा असतो. नियम एकाचे आणि थैली दुसऱ्याची, आणि ही थैली किती सैल सोडायची याला कायद्याचं बंधन नव्हतं.

ही थैली ‘डायरेक्टिव्ह २०-१’ नावाच्या सूत्राने उघडायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बहुतेक फर्स्ट नेशन्स बालकल्याण संस्था त्यावर चालत. सूत्राचे दोन भाग होते. पहिला ‘देखभाल’, म्हणजे मूल घरातून काढून पालक-कुटुंबात किंवा संस्थेत ठेवल्यावर येणारा खर्च. हा प्रत्यक्ष बिलाप्रमाणे परत मिळे. दुसरा ‘कार्यचालन’, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार, कार्यालय, प्रवास, वकील, आणि कुटुंब मोडू नये म्हणून आधीच केलेली मदत. ही रक्कम ठरावीक. ती मुलांच्या लोकसंख्येवर बेतलेली आणि २५१, ५०१, ८०१ अशा टप्प्यांनी चढणारी-उतरणारी होती. समजा, एका संस्थेच्या हद्दीतली मुलं ८०५ वरून ७९५ झाली. काम तेवढंच राहतं, पण अनुदान एक पायरी खाली येतं.

आता हे एखाद्या गावातल्या समाजसेविकेच्या टेबलावर ठेवून बघा. एका आईला दारू सोडण्यासाठी उपचार हवेत, घरात बुरशी आहे, चार मुलं एका खोलीत झोपतात. उपचार, घरदुरुस्ती आणि आठवड्यातून तीनदा येणारी मदतनीस मिळाली, तर मुलं घरीच राहतील. पण हा खर्च ठरावीक रकमेतून करायचा, आणि ती रक्कम जूनमध्येच संपलेली असते. तीच चार मुलं काढून शंभर किलोमीटरवरच्या अनोळखी घरात ठेवली, तर सगळं बिल केंद्र भरतं. इथे कोणाला दुष्ट असण्याची गरज नव्हती. हिशेबाचा रकानाच मुलांना घराबाहेर काढत होता.

सूत्रात आणखी दोन गृहीतकं दडलेली होती. प्रत्येक रिझर्व्हवर ६ टक्के मुलं देखभालीत आहेत आणि २० टक्के कुटुंबांना सेवा लागते, असं ते धरून चाले. जिथे प्रमाण याहून जास्त, तिथे पैसा सर्वांत तोकडा. म्हणजे ज्या वस्तीत निवासी शाळांची (आदिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून ठेवणाऱ्या जुन्या शाळांची) जखम सर्वांत खोल, तिलाच गरजेच्या मानाने सर्वांत कमी मिळे. शिवाय १९९५ नंतर महागाईची भरच थांबवली गेली.

हे सगळं सरकारला माहीत होतं. २००० साली आदिवासी व्यवहार खात्याने आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सने (फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांची राष्ट्रीय संघटना) मिळून धोरणाचा आढावा घेतला. त्यात दिसलं, की दर मुलामागे फर्स्ट नेशन्स संस्थांना प्रांतांच्या सरासरीपेक्षा २२ टक्के कमी मिळतं. याच निधीचा अभ्यास करणाऱ्या २००५ च्या ‘वेन:दे’ अहवालाने वर्षाला १० कोटी ९० लाख डॉलरची वाढ सुचवली आणि ती कुठे लागेल याचा तपशीलही दिला. २००८ मध्ये महालेखापरीक्षकांनी नोंदवलं, की रिझर्व्हवरची सुमारे ५ टक्के मुलं देखभालीत आहेत आणि हे प्रमाण रिझर्व्हबाहेरच्या मुलांच्या जवळजवळ आठपट आहे. अहवाल येत राहिले आणि सूत्र जागचं हललं नाही. २००७ पासून काही प्रांतांत प्रतिबंधावर भर देणारी सुधारित पद्धत आणली गेली, पण तिच्यातही ६ टक्के आणि २० टक्के ही गृहीतकं तशीच राहिली. ओंटारिओत १९६५ चा वेगळा करार होता. त्याचं खर्चाचं परिशिष्ट १९९८ नंतर अद्ययावतच झालं नव्हतं.

तक्रार, आणि ‘तुलना कोणाशी?’ हा डाव

फेब्रुवारी २००७ मध्ये फर्स्ट नेशन्स चाइल्ड अँड फॅमिली केअरिंग सोसायटी आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स यांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार दाखल केली. सोसायटीच्या प्रमुख सिंडी ब्लॅकस्टॉक या गित्कसान समाजाच्या आणि स्वतः बालकल्याणात काम केलेल्या. तक्रार कॅनेडियन मानवी हक्क कायद्याच्या कलम ५ खाली होती. त्यानुसार जनतेला दिल्या जाणाऱ्या सेवेत वंशावरून फरक करता येत नाही.

सरकारने गुणवत्तेवर उत्तर देण्याआधी दारच बंद करायचा प्रयत्न केला. पहिला मुद्दा असा, की आम्ही सेवा देत नाही, फक्त निधी देतो, आणि निधी म्हणजे सेवा नव्हे. दुसरा मुद्दा अधिक धूर्त होता. भेदभाव सिद्ध करायला तुलनेचा गट लागतो. केंद्र रिझर्व्हबाहेरच्या मुलांना ही सेवा देतच नाही, ती प्रांत देतात. मग एकाच सेवादात्याची दोन गटांत तुलना होणार कशी? आयोगाकडच्या तक्रारींचा निवाडा मानवी हक्क न्यायाधिकरण करतं. मार्च २०११ मध्ये या न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी हे मान्य केलं आणि साक्षीपुरावा न ऐकताच तक्रार फेटाळली.

या युक्तिवादाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण तो जगात कुठेही वापरला जाऊ शकतो. एखाद्या समाजाला पूर्ण वेगळ्या व्यवस्थेत ढकला. मग ती व्यवस्था कितीही निकृष्ट असली, तरी ‘यांच्यासारखं दुसरं कोणीच नाही, म्हणून भेदभाव नाही’ असं म्हणता येतं. एप्रिल २०१२ मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्ती ॲन मॅक्टाविश यांनी तो निर्णय रद्द केला. तुलनेचा गट हा पुराव्याचा एक उपयुक्त प्रकार आहे, पूर्वअट नव्हे, असं त्यांनी ठरवलं. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

सुनावणी फेब्रुवारी २०१३ ते ऑक्टोबर २०१४ चालली. मधेच उघड झालं, की सरकारने हजारो संबंधित कागदपत्रं दिलेलीच नव्हती, आणि तारखा लांबल्या. सरकारी अधिकारी ब्लॅकस्टॉक यांच्या वैयक्तिक फेसबुक पानावर पाळत ठेवून माहिती गोळा करत होते, हे गोपनीयता आयुक्तांनी २०१३ मध्ये नोंदवलं. मंत्र्याच्या कार्यालयातल्या एका बैठकीतून त्यांना एकट्यांना बाहेर ठेवलं गेलं होतं. ही तक्रारीबद्दलची सूडबुद्धी आहे असं मानून न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये त्यांना २०,००० डॉलर दिले.

२६ जानेवारी २०१६ रोजी निकाल आला आणि तक्रार सिद्ध झाली. निधीच्या पद्धतीमुळे सेवा अपुरी पडते, मुलं घरातून काढली जाण्याला उत्तेजन मिळतं आणि निवासी शाळांनी केलेलं नुकसान पुढच्या पिढीत चालू राहतं, असं न्यायाधिकरणाने म्हटलं. कसोटी सारभूत समतेची धरली गेली. प्रांताने जेवढं दिलं तेवढंच रिझर्व्हवर देऊन भागत नाही. इतिहास, अंतर आणि संस्कृती यांमुळे जास्त लागत असेल, तर जास्त द्यायचं.

तत्त्व कागदावर, मूल बाहेर

जॉर्डनच्या नावाचं तत्त्व एका ओळीत सांगता येतं. मुलाला सेवेची गरज पडली, की ज्या सरकारशी पहिला संपर्क झाला त्याने खर्च करायचा, सेवा द्यायची, आणि वाटणीचं भांडण नंतर आपसात मिटवायचं. १२ डिसेंबर २००७ रोजी कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने हा ठराव एकमताने मंजूर केला. निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या २०१५ च्या ९४ आवाहनांपैकी तिसरं याच तत्त्वाबद्दल आहे.

मग खात्यांनी त्याची व्याख्या केली. मुलाला अनेक अपंगत्वं हवीत, अनेक सेवादाते लागायला हवेत, मूल सामान्यतः रिझर्व्हवर राहणारं हवं, आणि केंद्र व प्रांत यांच्यात वाद असल्याचं दोन्हीकडच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मान्य करायला हवं. केंद्राच्याच दोन खात्यांतला वाद यात बसत नव्हता. तक्रारी अशा वादांच्याच भरपूर होत्या. हेल्थ कॅनडाने या तत्त्वासाठी १ कोटी १० लाख डॉलरचा निधी बाजूला ठेवला होता. कोणतंही प्रकरण व्याख्येत न बसल्याने त्यातून खर्चच झाला नाही, आणि २०१२ मध्ये निधी बंद झाला. न वापरलेला पैसा ‘गरज नाही’ याचा पुरावा ठरवणं, ही प्रशासनातली फार जुनी खोड आहे.

या काळातलं एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखं आहे. नोव्हा स्कोशियातल्या पिक्टू लँडिंगमध्ये एका आईला २०१० मध्ये पक्षाघात झाला. तिच्या किशोरवयीन मुलाला अनेक अपंगत्वं होती आणि तोवर त्याचं सगळं ती एकटी करत होती. गावाच्या कौन्सिलने घरी मदतनीस ठेवले. खर्च महिन्याला सुमारे ८,२०० डॉलर, म्हणजे कौन्सिलच्या घरगुती देखभालीच्या मासिक अंदाजपत्रकाच्या जवळजवळ ८० टक्के. केंद्राने नकार दिला. कारण काय, तर प्रांतात कमाल मर्यादा २,२०० डॉलर आहे आणि केंद्र व प्रांत दोघंही तेवढंच म्हणतात, म्हणून वाद नाही. पण नोव्हा स्कोशियाच्या न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत ही मर्यादा ओलांडायला आधीच मान्यता दिली होती. २०१३ मध्ये न्यायमूर्ती लिओनार्ड मँडामिन यांनी कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. दोन सरकारांनी मिळून एकच चूक केली, तर तिला ‘वाद नाही’ म्हणता येत नाही. केंद्राने अपील केलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं.

घड्याळ लावलं तेव्हा

२०१६ च्या निकालापर्यंत सरकार बदललेलं होतं, भाषाही बदलली होती, कृती मात्र जुनीच राहिली. म्हणून न्यायाधिकरणाने प्रकरण बंद न करता देखरेख आपल्याकडे ठेवली आणि एकामागून एक पालन-आदेश काढले. नोव्हेंबर २०१६ मध्ये खुद्द संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने बालकल्याण निधीतली १५ कोटी ५० लाख डॉलरची तूट भरून काढण्याचा ठराव एकमताने केला.

ओंटारिओच्या उत्तरेतल्या वापेकेका फर्स्ट नेशनने जुलै २०१६ मध्येच केंद्राला लेखी कळवलं होतं, की गावातल्या मुलींमध्ये आत्महत्येचा धोका दिसतो आहे, मानसिक आरोग्याचं पथक द्या. पैसे आले नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये बारा वर्षांच्या दोन मुली गेल्या. मागणी अंदाजपत्रकाच्या चक्रात अडचणीच्या वेळी आली, असं हेल्थ कॅनडाचं स्पष्टीकरण होतं.

मे २०१७ च्या आदेशात आणि त्याच्या नोव्हेंबरमधल्या दुरुस्तीत मग नुसती व्याख्या न देता मुदत दिली गेली. एका मुलाची तातडीची मागणी १२ तासांत, इतर मागण्या ४८ तासांत. गटासाठीची मागणी तातडीची असेल तर ४८ तासांत, नाहीतर एका आठवड्यात. खात्यांच्या आपसातल्या ‘प्रकरण-परिषदा’ मंजुरीआधी बंद. फक्त गरज समजण्यासाठी लागत असेल तर डॉक्टर किंवा शिक्षकाशी बोलायचं. अपंगत्वाची अट काढली, रिझर्व्हवर राहण्याची अट काढली. प्रांतातल्या इतर मुलांना ती सेवा मिळत नाही एवढ्या कारणावरून नाही म्हणायचं नाही. २०२० मध्ये पात्रतेच्या चार वाटा ठरल्या. मूल इंडियन ॲक्टखाली नोंदलेलं किंवा नोंदीस पात्र असणं, आई-वडिलांपैकी एक तसं असणं, फर्स्ट नेशनने या तत्त्वापुरतं मुलाला आपलं मानणं, किंवा मूल सामान्यतः रिझर्व्हवर राहणारं असणं.

फेब्रुवारी २०१८ च्या आदेशाने मूळ सूत्रावरच घाव घातला. प्रतिबंध, चौकशी, कायदेशीर खर्च, इमारत दुरुस्ती आणि लहान संस्थांचा कारभार हे सगळं प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे द्या, असं त्यात होतं. मूल घरी ठेवण्याचा खर्चही आता बिलाप्रमाणे मिळू लागला. आमच्या मते या खटल्यातला सर्वांत दूरगामी आदेश हाच आहे. बातम्या मात्र भरपाईच्या आकड्यांच्याच झाल्या.

ज्या मराठी परिचारिका, शिक्षक आणि समाजसेवक कॅनडात काम करतात, त्यांच्यापुढे हे विद्यार्थी आणि रुग्ण येतात. म्हणून अर्जात काय लागतं तेही सांगायला हवं. पात्रतेचा कागद, पालकाची संमती, काय हवं आणि किती काळ हवं, खर्चाचा अंदाज किंवा दरपत्रक, आणि मुलाला ओळखणाऱ्या व्यावसायिकाचं पत्र. सर्वांत जास्त अर्ज या पत्रात अडकतात. ‘उपयोगी ठरेल’ एवढंच लिहिलेलं पत्र कमकुवत. मुलाची गरज कोणती, मागितलेली वस्तू किंवा सेवा ती गरज कशी भागवते, आणि न मिळाल्यास काय बिघडेल, हे तिन्ही त्यात हवं. तातडी असेल तर पहिल्याच ओळीत कारणासह लिहावं. नकार आला तर लेखी कारण मागावं आणि अपील करावं.

भरपाई

सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने प्रत्येक बाधित मुलाला ४०,००० डॉलर दिले. २०,००० यातनांसाठी आणि २०,००० जाणूनबुजून व बेपर्वाईने केलेल्या भेदभावासाठी. दोन्ही रकमा कायद्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या. अनेक पालकांनाही भरपाई मिळाली. सरकार पुन्हा कोर्टात गेलं आणि २९ सप्टेंबर २०२१ रोजी हरलं.

दरम्यान सामूहिक दावेही दाखल झाले होते. ते १९९१ पर्यंत मागे जात. २,००० कोटी डॉलरचा पहिला समझोता न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये नाकारला, कारण आधीच्या आदेशाने ज्यांना हक्क दिला होता त्यातल्या काहींना तो वगळत होता किंवा कमी देत होता. रक्कम २,३३४ कोटी डॉलर झाली, वगळलेले आत आले, आणि २४ ऑक्टोबर २०२३ रोजी फेडरल कोर्टाने मान्यता दिली. कॅनडाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा समझोता. घरातून काढलेल्या मुलांच्या गटासाठी अर्ज मार्च २०२५ मध्ये सुरू झाले.

पुन्हा खोळंबा

भरपाई झालेल्या नुकसानीची. पुढे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जुलै २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी ४,७८० कोटी डॉलरचा सुधारणा-करार मांडला गेला. ऑक्टोबरमध्ये फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांच्या कॅलगरीतल्या सभेत ४१४ पैकी २६७ मतं त्याच्या विरोधात पडली. बाहेरून हे कोड्यात टाकणारं वाटतं, पण विरोधकांचं म्हणणं ठोस होतं. दहा वर्षांनंतरची हमी नाही, न्यायाधिकरणाची देखरेख संपते, आणि वाटाघाटी बंद दाराआड झाल्या. सतरा वर्षांत सरकार आदेशाशिवाय हललेलं नाही, हे ज्यांनी पाहिलं ते आदेशाची दोरी सहजासहजी सोडणार नाहीत. ओंटारिओतल्या फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांनी मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला स्वतंत्र ८५० कोटींचा करार स्वीकारला.

जॉर्डन तत्त्वाखाली २०१६ पासून २०२४ पर्यंत ८० लाखांहून अधिक वस्तू आणि सेवा मंजूर झाल्या. चाकाची खुर्ची, वाचा-उपचार, शाळेतला मदतनीस, दूध-पावडर. पण मागणी वाढली तसं मनुष्यबळ वाढलं नाही. २०२४ च्या अखेरीस तुंबलेल्या मागण्या सुमारे १ लाख ४० हजार होत्या. १२ तासांची मुदत असलेले अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिले. काही पालकांनी खिशातून खर्च केला आणि परताव्याची वाट पाहिली, काही सेवादात्यांनी बिलं थकल्यावर काम थांबवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तातडीचे अर्ज वेगळे काढून निकाली लावण्याचा आदेश दिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या खात्याने नवे निकष जाहीर केले. घरदुरुस्ती, खेळांचे कार्यक्रम यांसारख्या मागण्यांवर बंधनं आली, आणि रिझर्व्हबाहेरच्या शाळांतला मदतनीस शक्यतो प्रांताच्या शाळा-मंडळांकडून घ्यावा असं सांगण्यात आलं. गैरवापर रोखण्याचं कारण दिलं गेलं. खर्च तपासायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण शाळेत मदतनीस हवा असलेल्या मुलाला ‘आधी प्रांताकडे विचार’ असं सांगणं म्हणजे त्याला पुन्हा दोन सरकारांच्या मधे उभं करणं, आणि मंडळ नाही म्हणेपर्यंत त्याचं शाळेचं वर्ष निघून जातं.

२०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के होती. पालक-कुटुंबांत ठेवलेल्या मुलांत ती ५३.८ टक्के होती.